विधिमंडळात गाडीचा कर आणि उद्योगाची सवलत ठरते कशी? पिकअप-टेम्पोवाले आणि छोट्या उद्योजकांसाठी सविस्तर माहिती

अधिवेशन सुरू झालं की मोबाईलवर मेसेज फिरायला लागतात. ‘टेम्पोचा टॅक्स वाढला’, ‘डिझेल स्वस्त झालं’, ‘नवीन कारखान्याला कर माफ’. कुणी घाईघाईने गाडी बुक करतं, तर कुणी स्वस्त होईल म्हणून थांबतं. नंतर शोरूमला किंवा आरटीओ कार्यालयात गेल्यावर कळतं, की बातमी खरी होती, पण ती आपल्यासाठी नव्हती, किंवा अजून लागूच झालेली नव्हती.

म्हणून कर किंवा सवलतीची कोणतीही बातमी वाचताना चार गोष्टी बघाव्या लागतात: किती, कोणाला, कुठे आणि केव्हापासून. या चारही गोष्टी कुठे आणि कशा ठरतात, ते सोप्या भाषेत पाहू.

भाषण म्हणजे कायदा नव्हे

राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही. अर्थमंत्री अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगतात तो प्रस्ताव असतो. त्यासाठी विधेयक येतं, त्यावर चर्चा होते, मंजुरी मिळते, राज्यपालांची सही होते आणि मग ठरलेल्या तारखेपासून अंमल सुरू होतो.

राज्याच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ जागा आहेत. कराचं धन विधेयक फक्त विधानसभेतच मांडता येतं. विधान परिषद त्यावर १४ दिवसांत शिफारशी करू शकते, पण त्या मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. म्हणजे कराच्या बाबतीत शेवटचा शब्द थेट लोकांनी निवडून दिलेल्या आमदारांचा.

वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी अधिवेशन नागपूरला. कराचे मोठे निर्णय बहुतेक अर्थसंकल्पी अधिवेशनात येतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि कपात सूचना ही आमदारांच्या हातातली हत्यारं. तालुक्यातल्या वाहतूकदारांचं किंवा उद्योजकांचं म्हणणं सभागृहात पोहोचतं ते याच मार्गांनी.

२०२५ चं उदाहरण: पिकअपचा कर वजनावरून किमतीवर

१० मार्च २०२५ रोजी तेव्हा अर्थमंत्री असलेले अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. त्यात मोटार वाहन करातले प्रमुख प्रस्ताव असे होते:

- ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर.
- क्रेन, कॉम्प्रेसर, एक्सकॅव्हेटर अशा बांधकामाच्या वाहनांनाही किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर.
- खासगी मालकीच्या सीएनजी आणि एलपीजी चारचाकींच्या करात १ टक्का वाढ.
- मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये.
- ३० लाखांपेक्षा महाग इलेक्ट्रिक वाहनांवर ६ टक्के कर.

शहरात चर्चा झाली ती महागड्या गाड्यांची. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो पहिला मुद्दा. शेतातला टोमॅटो बाजार समितीत नेणारी पिकअप, दुधाचे कॅन गोळा करणारा छोटा टेम्पो, किराणा दुकानाचा माल आणणारी गाडी, सगळ्या याच ७,५०० किलोच्या गटातल्या.

आधी मालवाहू गाडीचा कर वजनाच्या हिशेबाने ठरायचा. नव्या पद्धतीत तो किमतीवर आला. म्हणजे कराच्या हिशेबाला गाडीची किंमत १० लाख रुपये धरली, तर कर ७० हजार रुपये, आणि तो सुरुवातीलाच भरायचा. कर्जाचे हप्ते सुरू होण्याआधीच खिशातून जाणारी रक्कम वाढली, ती यामुळे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ७,५०० किलो म्हणजे गाडीत भरायचा माल नव्हे. गाडीचं स्वतःचं वजन आणि परवानगी असलेला माल मिळून होणारं एकूण वजन म्हणजे ७,५०० किलो. हा आकडा आरसी बुकवर लिहिलेला असतो.

या बदलाला दोन बाजू आहेत. एकरकमी कराच्या बाजूने सांगितलं जातं, की एकदा भरला की दरवेळी कर भरण्याची कटकट राहत नाही, थकबाकी आणि दंड वाढत नाही, शिवाय सरकारलाही वसुली सोपी जाते. विरोधातला मुद्दा असा, की नवीन पिकअप घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून धंद्यात उतरलेला तरुण असतो. त्याच्यावर पहिल्याच दिवशी बोजा पडतो आणि शेवटी तो भाड्यातून शेतकऱ्याकडे आणि दुकानदाराकडे जातो. वजनाने सारख्या दोन गाड्यांपैकी महाग गाडी घेणाऱ्याला कर जास्त, हेही या पद्धतीत आलंच.

प्रस्ताव बदलतो तो असा

याच अर्थसंकल्पातला इलेक्ट्रिक वाहनांवरचा ६ टक्के कर मात्र लागू झाला नाही. मार्च २०२५ मध्येच विधान परिषदेत हा विषय निघाला आणि हा कर लावणार नसल्याचं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं.

मालवाहू वाहनांचा ७ टक्के कर आणि सीएनजी गाड्यांची वाढ मात्र कायम राहिली. त्यांचा अंमल १ जुलै २०२५ पासून सुरू झाला. भाषण आणि अंमल यांच्यात साडेतीन महिन्यांहून जास्त वेळ गेला. गाडी घ्यायची की थांबायचं हे ठरवायला आणि आमदारांकडे निवेदन द्यायला हाच काळ हातात असतो. एकदा तारीख उलटली की काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो.

‘डिझेल स्वस्त’, पण कुठे?

पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत आलेलं नाही. त्यावर राज्य सरकार व्हॅट लावतं. त्यामुळे हा विषय विधिमंडळात हमखास निघतो.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात डिझेलवरचा व्हॅट २४ टक्क्यांवरून २१ टक्के करण्याची घोषणा झाली. मेसेज राज्यभर फिरला. पण २४ टक्के दर होता तो मुंबई, ठाणे, नवी मुंबई या भागात. बाकी महाराष्ट्रात आधीपासूनच २१ टक्के होता. म्हणजे ही कपात दर सारखे करण्यासाठी होती, आणि गावाकडच्या पंपावर या निर्णयाने काही फरक पडणार नव्हता. ‘कुठे’ हा प्रश्न विचारायचा तो यासाठीच.

उद्योगाला कर सवलत: जीएसटीनंतर काय बदललं?

उद्योग मुंबई-पुणे पट्ट्यातच न राहता बाकी महाराष्ट्रात जावेत, म्हणून राज्यात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. ठरावीक वर्षांनी तिचं नवं रूप येतं. २०१९ ची योजना १ एप्रिल २०१९ पासून सुरू झाली होती.

या योजनेत तालुक्यांचे गट पाडलेले असतात: अ, ब, क, ड आणि ड+. याशिवाय उद्योग नसलेले जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग वेगळे धरले जातात. मुंबई-पुण्यासारखा विकसित भाग अ गटात, तर सर्वात मागे राहिलेले तालुके ड+ गटात. तालुका जितका मागे, तितकी सवलत जास्त, असं साधं सूत्र. म्हणून एकाच जिल्ह्यातल्या शेजारच्या दोन तालुक्यांत तीच डाळ मिल टाकली, तरी मिळणारी सवलत वेगळी असू शकते. आपला तालुका वरच्या गटात टाका, अशी मागणी होते, त्यामागचं कारणही हेच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर एक मोठा फरक पडला. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात, त्यामुळे एकटं राज्य एखाद्या कारखान्याचा जीएसटी परस्पर माफ करू शकत नाही. आता कारखाना आधी कर भरतो आणि राज्य आपल्या वाट्याच्या कराच्या हिशेबाने त्याला प्रोत्साहन अनुदान देतं. याशिवाय वीज शुल्क, मुद्रांक शुल्क आणि कर्जाच्या व्याजात सवलतीचा भागही योजनेत असतो.

म्हणजे ‘कर माफ’ ही बातमी वाचली तरी कर भरावा लागतो. पैसे नंतर येतात, तेही कागदपत्रं पूर्ण असतील तर. अनुदान कधी जमा होईल हे सरकारच्या तिजोरीतल्या तरतुदीवर अवलंबून असतं. त्यामुळे अनुदान धरून कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करणं छोट्या उद्योजकाला महागात पडू शकतं.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांनी यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जायचं. उद्यम नोंदणी आधी करून ठेवावी. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ धरला जातो. गावातली बहुतेक पिठाची, मसाल्याची, गुळाची, पशुखाद्याची युनिट या गटात बसतात.

कोणता नियम राज्याचा, कोणता केंद्राचा?

आमदारांकडे मागणी करताना हा फरक माहीत असला की वेळ वाया जात नाही. गाडीवरचा कर राज्याचा विषय आहे. पण वाहतुकीचे बरेचसे नियम मोटार वाहन कायदा १९८८ मधून येतात, आणि तो संसदेचा कायदा आहे. मालवाहू गाडीवाल्यांना रोज लागणारे काही नियम असे:

- परमिट: एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. फिटनेस, विमा आणि पीयूसी मात्र लागतंच.
- लायसन्स: एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या गाडीला हे लागू नाही.
- फिटनेस: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.
- ओव्हरलोड: दंड २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २ हजार. जादा माल उतरवण्याचा खर्चही वेगळा.
- ई-वे बिल: राज्यातल्या राज्यात १ लाख रुपयांपेक्षा जास्त मालाला, दुसऱ्या राज्यात जाताना ५० हजारांपेक्षा जास्त मालाला. ताज्या भाजीपाल्याला ते लागत नाही.
- माणसांची वाहतूक: पिकअपमध्ये मागे वऱ्हाड किंवा मजूर बसवणं नियमाविरुद्ध आहे. अपघात झाला तर विम्याची भरपाई अडकते आणि मालकावर येते.

दुसऱ्या राज्याचं पासिंग स्वस्त पडतं का?

सीमेवरच्या तालुक्यांत हा प्रश्न नेहमी निघतो. चंदगड, गडहिंग्लजकडून कर्नाटक-गोवा जवळ, देगलूर, बिलोलीकडून तेलंगणा. कर कमी म्हणून तिकडे गाडी घ्यायची आणि इकडे चालवायची, असा सल्ला मिळतो. पण कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली, तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. गाडी इथे वापरायची तर इथला करही भरावा लागतो. वाचवलेले पैसे दंडासकट परत जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या अधिवेशनाआधी हे करून ठेवा

१. बातमी आली की आधी बघा: हा प्रस्ताव आहे, मंजूर विधेयक आहे, की शासन निर्णय? शासन निर्णय आणि अधिसूचना सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत मोफत वाचता येतात.

२. गाडी घेताना डीलरकडून कोटेशन लेखी घ्या. किंमत, मोटार वाहन कर, नोंदणी फी, विमा आणि हाताळणी खर्च वेगवेगळे लिहून मागा. ‘ऑन रोड’ असा एकच आकडा मान्य करू नका.

३. आरसी बुकवरचं एकूण वजन बघून ठेवा. कर, परमिट आणि लायसन्स तिन्ही त्यावर ठरतात.

४. उद्योग टाकण्याआधी आपला तालुका चालू योजनेत कोणत्या गटात आहे, ते जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारा. आधी बांधकाम आणि नंतर चौकशी, असं करू नका.

५. मागणी कराशी संबंधित असेल तर निवेदन आमदारांना द्या, केंद्राच्या नियमाशी संबंधित असेल तर खासदारांना. निवेदनात नेमका दर, गाडीचा प्रकार आणि होणारा खर्च आकड्यात लिहा. प्रश्न किंवा लक्षवेधी मांडताना आमदारांना हीच माहिती कामाला येते.