मूळ रंग कोणता?

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी अडचण घेऊन माझ्याकडे आला. विद्यार्थ्यांच्या अडचणी बहुधा गुणांच्या, नाहीतर नोकरीच्या. ही अडचण होती एका जीपगाडीची. मी पडलो इतिहासाचा मास्तर. गाडी चालवता येते, पण तिच्या पोटात काय असते ते मला कळत नाही. तसे मी त्याला सांगितलेही. तो म्हणाला, "सर, पोटातलं फिटर बघेल. हिचं करायचं काय, एवढं तुम्ही सांगा."

हकीगत अशी. कऱ्हाडजवळ त्याची शेती आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या नको झालेल्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा त्याच्या आजोबांनी एक जीप घेतली. स्टिअरिंग डावीकडे, दारे नाहीत, वर कापडी छप्पर. ही गाडी पुढे पस्तीस-चाळीस वर्षे राबली. तिने उसाची ट्रॉली ओढली, बाजाराला माणसे नेली, नवरानवरी मिरवली आणि दर निवडणुकीला कर्णा बांधून ती गावोगाव ओरडत फिरली. पेट्रोल परवडेना तेव्हा वडिलांनी मूळचे इंजिन उतरवून डिझेलचे बसवले. ट्रॉलीसाठी मागे एक दणकट हूक वेल्डिंग करून घेतला. रंग किती वेळा दिला त्याची गणतीच नाही. दिवाळीला घराला दिला की उरलेला गाडीला! मग ट्रॅक्टर आला आणि जीप गोठ्याशेजारच्या छपराखाली जाऊन बसली.

तिथे ती गंजून गेली असती, पण जुन्या गाड्यांचे वेड असलेले एक गृहस्थ काही कामाने तिकडे आले आणि तिची पुढची जाळी पाहून थबकले. आपल्या ओळखीची जीपची जाळी म्हणजे पत्रा दाबून पाडलेल्या उभ्या खाचा. ही जाळी तशी नव्हती. लोखंडाच्या पट्ट्या एकीशेजारी एक ठेवून वेल्डिंगने जोडलेल्या होत्या. अमेरिकेत विलीज कंपनीने 1941 च्या अखेरीपासून जीपचे मोठे उत्पादन सुरू केले, तेव्हा पहिल्या सुमारे पंचवीस हजार गाड्यांना अशी पट्ट्यांची जाळी होती. पुढे फोर्ड कंपनीने दाबलेल्या पत्र्याची हलकी, स्वस्त जाळी काढली आणि विलीजनेही तीच उचलली. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सव्वासहा लाखांच्या वर जीप बनवल्या. त्या समुद्रात हे पंचवीस हजार म्हणजे मूठभरच, आणि त्यांतल्या आज उरल्या असतील त्या आणखी थोड्या.

झाले! त्या दिवसापासून माझ्या विद्यार्थ्याची झोप उडाली. ते गृहस्थ म्हणाले, गाडी 1942 साली होती तशी करा. माळ्याखाली पडलेले पेट्रोलचे इंजिन परत बसवा, तो हूक कापून टाका, सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडून लष्करी हिरवा द्या आणि बॉनेटवर अमेरिकेचा पांढरा तारा काढा. गावातला गॅरेजवाला म्हणाला, जुनं कशाला उकरता? रुंद टायर लावू, गाडी वीतभर उचलू, चकचकीत बंपर आणि वर दिव्यांची रांग. हमरस्त्यावर हॉटेल काढताय ना, त्याच्यापुढं उभी करा, गिऱ्हाईक हटकून थांबेल. दोन्ही सल्ल्यांचा खर्च जवळजवळ सारखाच.

शिकलेला माणूस अशा वेळी चटकन पहिल्या बाजूला जातो. पूर्ववत करणे म्हणजे पुण्य, नटवणे म्हणजे पाप. मीही गेलो असतो. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते, पूर्ववत म्हणजे कुठल्या दिवसासारखे, असे तो विचारून बसतो. या प्रश्नाने जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनाही घाम फोडला आहे. त्यांतली दोन उदाहरणे सांगतो.

इंग्लंडच्या दक्षिणेला बोव्हिंग्टन नावाच्या ठिकाणी रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे 131 क्रमांकाचा जर्मन टायगर रणगाडा आहे. सत्तावन टनांचे हे धूड 1943 च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती लागले. एक गोळा तोफेच्या ढालीच्या खालच्या अंगाला आदळून बुरुजाच्या बुडाशी घुसला आणि बुरूज फिरेनासा झाला. आतले सैनिक रणगाडा तसाच टाकून निघून गेले. चर्चिलसाहेबांनी आणि खुद्द इंग्लंडच्या राजाने ट्युनिसला जाऊन तो पाहिला. मग तो इंग्लंडात आणला, लोकांना दाखवला आणि सुटा सुटा करून तपासला. त्या तपासात त्याचे इंजिन उभे कापले गेले, आतली रचना दिसावी म्हणून. शत्रूचे नवे हत्यार समजून घ्यायचे होते, त्या वेळी ते योग्यच होते. 1951 मध्ये तो संग्रहालयात आला आणि 1990 मध्ये असे ठरले की हा चालता करायचा. काम तेरा वर्षे चालले. कापलेले इंजिन तर सांधता येत नाही. तेव्हा संग्रहालयातच असलेल्या दुसऱ्या, त्याहून अवजड जर्मन रणगाड्याचे इंजिन काढून याच्यात बसवले. ते त्याच कारखान्याचे, पण पुढच्या आवृत्तीचे आणि अधिक ताकदीचे. शिवाय आग विझवण्याची आधुनिक यंत्रणा घातली. 2003 मध्ये टायगर गुरगुरत बाहेर पडला. एवढे करून रंगाची छटा चुकलीच. 2012 च्या सुमारास तो पुन्हा रंगवावा लागला.

आता मला सांगा, याला काय म्हणायचे? दुसऱ्याचे हृदय, नव्या काळाची औषधे आणि अंदाजाने दिलेला रंग! कऱ्हाडच्या शेतकऱ्याने पेट्रोल काढून डिझेल घातले, त्याहून हे फार वेगळे आहे असे मला वाटत नाही. पण बोव्हिंग्टनच्या मंडळींनी एक गोष्ट मात्र मोठ्या शहाणपणाची केली. रणगाड्याच्या अंगावर लागलेल्या गोळ्यांच्या खाचा त्यांनी लांबी भरून बुजवल्या नाहीत. तोफेच्या ढालीवरचे ते ओरखाडे आजही दिसतात.

आणि ते ओरखाडे उपयोगी पडले. हा रणगाडा 21 एप्रिलला एका विशिष्ट डोंगरापाशी सापडला असे कित्येक वर्षे छापले जात होते. पुढे त्या लढाईतल्या एका सैनिकाच्या मुलाच्या ध्यानात आले की आपल्या वडिलांनी सांगितलेला टायगर आणि हा टायगर यांच्या अंगावरच्या जखमा जुळतात. मग कागदपत्रांचा शोध झाला, आणि जागा व तारीख दोन्ही बदलली. संग्रहालय आता सांगते की तो 24 एप्रिलला, दुसऱ्याच एका टेकडीवर, शेरवुड फॉरेस्टर्स पलटणीने घेतला. कारखान्यातून निघाला तसा तो गुळगुळीत करून ठेवला असता, तर त्या मुलाला ओळख पटवायला खूण कोणती उरली असती?

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातले. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ए-सात-व्ही जातीचे अवघे वीस रणगाडे बनवले. त्यांतला आज जगात एकच उरला आहे. त्याचे नाव मेफिस्टो, आणि तो ब्रिस्बेनला आहे. फ्रान्समधल्या व्हिलेर-ब्रेतोनोच्या लढाईत तो खड्ड्यात अडकला, जुलैमध्ये क्वीन्सलंडच्या पलटणीने रात्रीच्या अंधारात ओढून काढला आणि 1919 मध्ये जहाजातून घरी नेला. मौज अशी की त्याला खड्ड्यात टाकून जर्मन सैनिक गेले तो दिवस 1918 सालचा 24 एप्रिलच; टायगरच्या आधी बरोबर पंचवीस वर्षे. ब्रिस्बेनच्या धक्क्यावरून संग्रहालयापर्यंत त्याला रस्त्याच्या दोन रोडरोलरांनी ओढले. अंतर दोन मैलांहून कमी, पण अकरा तास लागले म्हणतात.

जर्मनांनी त्याच्यावर एक पळता सैतान रंगवला होता, काखेत इंग्रजांचा रणगाडा घेतलेला. तो हाती आल्यावर ऑस्ट्रेलियन सैनिकांनी दुसरे चित्र काढले. त्यात इंग्रजांचा सिंह आपला पंजा जर्मन रणगाड्यावर ठेवून उभा आहे. 'मूळ रूप' म्हणून हट्ट धरला तर ते दुसरे चित्र पुसावे लागेल; ते कारखान्यातले नाही, जर्मनही नाही. पण तसे करायला कोण धजेल? ज्यांनी चिखलातून तो ओढला त्यांचा तो हुंकार आहे. मेफिस्टो चालता करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. 2011 च्या महापुरात त्याच्यापर्यंत पाणी पोचले, तेव्हा चिंता होती ती गंजाची. ज्याचा जोडीदार जगात नाही, त्याच्यावर प्रयोग करता येत नाहीत. जर्मनीत मुन्स्टरच्या संग्रहालयाला त्याच जातीचा रणगाडा दाखवायचा होता, तेव्हा त्यांनी सरळ नवी प्रतिकृती बांधली. हाही एक मार्गच आहे.

आपल्याकडचे म्हणाल, तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे रोल्स-रॉईसची चिलखती मोटार आहे. ही जात जन्मली कशी? श्रीमंतांच्या 'सिल्व्हर घोस्ट' मोटारीची चासी घेऊन तिच्यावर चिलखत चढवले, बंदूक बसवली, झाली रणगाडी! म्हणजे जिला आपण मूळ म्हणून जपतो तीच मुळात कोणीतरी बदललेली. मात्र संग्रहालयांच्या बाहेर, गावोगावच्या चौकांत चौथऱ्यावर उभे केलेले रणगाडे पाहिले की मला वाईट वाटते. कुठला पॅटन 1965 मध्ये जिंकून आणलेला, कुठला आपलाच विजयंता. दर राष्ट्रीय सणाला ऑइलपेंटचा एक हात! घाव, आकडे, पलटणीची निशाणी, सगळे त्याखाली गडप. गॅरेजवाल्याला आपण हसतो, पण हा कारभार तर समितीत ठराव होऊन चालतो.

असो. मी विद्यार्थ्याला काय सांगितले ते सांगतो. ज्या गाडीने पोट भरताना बदल सोसले ते बदल तिचेच आहेत. डिझेल इंजिन आणि तो हूक, दोन्हींना हात लावू नकोस. आपल्या हौसेचा बदल मात्र असा असावा की उद्या कोणाला वाटले तर पाना फिरवून काढता येईल. टायर बदल, दिवे लाव, माझी ना नाही. पण पत्रा कापणे नाही, भोके पाडणे नाही आणि खरवडणे तर मुळीच नाही. पट्ट्यांच्या जाळीच्या फार थोड्या जीप उरल्या आहेत म्हणून हे सांगतोय. पुढच्या काळातली साधी जीप असती तर तुला हवे ते कर म्हणालो असतो. त्याला हे फारसे रुचले नाही. "म्हणजे सर, ना धड जुनी ना धड नवी," तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. हॉटेलपुढे उभी करायला ही गाडी शोभेची नाही.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. "सर, चूक झाली. राहवलं नाही म्हणून बॉनेटची एक बाजू पॉलिश पेपरनं घासली." रविवारी मी गेलो. वर करडा रंग, त्याखाली निळा, मग घराच्या भिंतीचा पिवळा, त्याखाली काळपट हिरवा. आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी 'एम' अक्षर, त्याच्या पुढे एक आकडा अर्धवट.

आम्ही दोघे कितीतरी वेळ ते पाहत राहिलो. अमेरिकी सैन्याच्या जीपवर 20 ने सुरू होणारा आकडा असे. आकड्याआधी असे अक्षर लावायची रीत ब्रिटिश सैन्याची, आणि जीपला मोटारीचे म्हणून 'एम'. म्हणजे अमेरिकेत जन्मलेली ही गाडी अमेरिकी सैन्यात राबलेलीच नसावी. तो पांढरा तारा काढला असता तर खोटा ठरला असता. आणि सगळा रंग खरवडला असता तर खोटा आहे हे कोणाला कळलेही नसते.

"पुढचे आकडे काढू का?" त्याने विचारले. पॉलिश पेपर हातातच होता. मी म्हटले, तूर्त नको. रंगाचे थर एकेक करून उतरवणारी जाणती माणसे असतात, त्यांपैकी कोणाला तरी गाठू. आतून त्याच्या आईने चहा आणला. काय चाललंय ते तिने पाहिले आणि म्हणाली, "मामंजी या आकड्याला हळद-कुंकू लावायचे दसऱ्याला. मी लग्न होऊन आले तेव्हा दिसत होता की तो!" आकडा मात्र तिला आठवेना.

घासलेल्या त्या हाताएवढ्या जागेवर त्याने सध्या एक जुनी गोधडी टाकून ठेवली आहे.