आप्पांनी भरलेला कदबा

आमच्या घरात लोकमान्यांच्या गोष्टी मंडालेपासून सुरू होत नसत, जामिनापासून होत. त्या मुळात पणजोबांच्या. ते कराडला एका वकिलाकडे कारकून होते आणि उभं आयुष्य अर्ज लिहिण्यात गेल्यामुळे इतिहासातही त्यांना आधी अर्जच दिसायचा. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्या गोष्टी माझ्यापर्यंत आल्या त्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या तोंडून.

1897 च्या जुलैत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली धरलं. जामीन आधी नाकारला गेला, मग न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला. त्या वेळी टिळकांच्या जामिनासाठी झटणारे बॅरिस्टर दावर 1908 मध्ये स्वतःच न्यायमूर्ती होते आणि समोर पुन्हा टिळकांचाच अर्ज. तो मांडला बॅरिस्टर जिनांनी. दावरांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षाही सुनावली. पणजोबा इथं थांबून तपकिरीची चिमूट घेत, असं आप्पा सांगायचे.

तिसरी गोष्ट 1916 ची. या वेळी टिळकांना अटक नव्हती. वर्षभर नीट वागेन अशी हमी मागितली होती. 20 हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि वर 10-10 हजारांचे दोन जामीनदार. तो हुकूम नोव्हेंबरात हायकोर्टानं रद्द केला. या गोष्टीवर आप्पांचं ठरलेलं बोलणं असे, "टिळकांना जामीनदार मिळत्यात रं. पंचाईत आपल्या ढोलकीवाल्याची."

ढोलकीवाला आमच्या गावचा, तमाशाच्या फडात वाजवणारा. साठच्या दशकातली गोष्ट. जत्रेत मारामारी झाली, त्यात तो सापडला. कोर्टानं दुसऱ्याच दिवशी जामीन मंजूर केला, 500 रुपयांचा, एका ऐपतदार जामीनदारासह. पण त्याच्या नावावर वीतभर रान नव्हतं, नातलगांच्याही नव्हतं. दोन बाजार उलटले तरी गडी आतच. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. मंजुरीनंतर आरोपीचा जातमुचलका लागतो आणि जामीनदार सांगितला असेल तर त्याचा जामीनकदबा, म्हणजे आरोपी हजर राहिला नाही तर ठरलेली रक्कम भरण्याचं हमीपत्र. जामीनदाराची ऐपत कोर्टाला पटावी लागते. सातबारा, घरपट्टीची पावती, कधी तहसीलदाराचा दाखला. ते पटलं की तुरुंगाला सुटकेचा आदेश जातो. दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात माणूस हवा असेल तर तोही आदेश कामाचा नाही.

त्याची बायको आमच्या अंगणात येऊन बसली. आजीनं आतून डोळे वटारले, कारण रान एवढंच होतं. आप्पांनी तलाठ्याकडून उतारा काढला आणि एसटी धरली. पण निघण्याआधी त्यांनी ढोलकीवाल्याच्या घरून त्याची ढोलकी मागून घेतली आणि आमच्या माजघरात खुंटीला टांगली.

"आरोपी तुमचा कोण?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"गावचा."

"पळाला तर?"

"पळतोय कुठं, साहेब. ढोलकी माझ्या घरात हाय."

कोर्ट हसलं म्हणे. सही झाली.

गडी पळाला नाही, पण पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेत फडाबरोबर गेला आणि तारीख विसरला. आप्पांच्या नावानं नोटीस आली: कदब्याची रक्कम का वसूल करू नये? आप्पा पालीला जाऊन राहुट्या धुंडाळत बसले. फडानं त्याला दुसरी ढोलकी दिली होती, हे आप्पांच्या हिशेबात आलंच नव्हतं. त्याला धरून कोर्टात उभं केलं तेव्हा थोडा दंड ठेवून बाकीची रक्कम माफ झाली. ती मुभा कायद्यातच आहे. रक्कम भरलीच नाही आणि वसूलही होईना, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात टाकण्याची तरतूदही कायद्यात आहे. ती आप्पांना माहीत होती की नव्हती कोण जाणे. आजीला माहीत नव्हती, हे बरंच झालं.

यानंतर आप्पांकडे लोक येऊ लागले आणि ते सही करत गेले. ते वारले तेव्हा आजीला पहिली चिंता तीच पडली. कुणाकुणाच्या पायात रान अडकलंय? वकिलांनी सांगितलं, कदबा जप्त होण्याआधी जामीनदार मेला तर त्याच्या मालमत्तेवर काही बोजा राहत नाही. आजीचा विश्वास बसला नाही. पुढं कितीतरी दिवस पोस्टमन दिसला की ती दारातून आत यायची.

जामीनदाराची ही रीत जुनीच. पेशवाईतही हजर राहण्यासाठी हाजीरजामीन आणि पैशासाठी मालजामीन घेत. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हमीच्या रकमेवर फी घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्याकडे तो धंदा कायद्याला मान्य नाही, म्हणून सगळा भार शेजाऱ्यापाजाऱ्यावर. जिथं शेजारी नाही तिथं कोर्टाच्या आवारात खोट्या सातबाऱ्यावर उभे राहणारे भाडोत्री जामीनदार सापडतात. मुंबईत बिगारी करणाऱ्या परराज्यातल्या माणसानं स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडं 10 हजारांची हमी मागितली होती आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या आदेशाचे वाभाडे काढले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही कोर्टाकोर्टात स्थानिक जामीनदाराचा हट्ट दिसतो, हे मला लाजिरवाणं वाटतं.

आणि कागदाची चाल! 2021 मध्ये एका बड्या अभिनेत्याच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयानं गुरुवारी जामीन दिला; आर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या जामीनपेटीत शुक्रवारी संध्याकाळी वेळेत कागद पडला नाही, म्हणून तो शनिवारी सुटला. त्याची बातमी झाली. ज्याची होत नाही त्याचं काय, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये मनावर घेतलं. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगाकडं जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाधिकाऱ्यानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, महिन्याभरात कदबा भरला गेला नाही तर कोर्टानं आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असे निर्देश दिले. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार न मिळालेला माणूस गरीबच समजावा, हे तर 2005 च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. असा माणूस नुसत्या जातमुचलक्यावर सुटायला हवा.

तुमच्याकडं कुणी सातबारा मागायला आलं तर लगेच दार लावू नका. कलम कोणतं, पुढची तारीख कोणती, माणूस कामाला कुठं असतो, एवढं विचारा. याआधी कितीजणांना जामीन राहिलात ते कोर्टात खरं सांगा. भरवसा उडाला तर नंतर अर्ज देऊन कदब्यातून मोकळं होता येतं. कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार मागतं. आणि जामीन होऊनही कुणी आतच असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कोठडीतल्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो.