दोघांचा एक कोयता

कपिलधारला डोंगरातून धार पडते, तिथं मन्मथस्वामींची समाधी. संस्कृतात कोंडलेलं त्यांनी 'परमरहस्य' लिहून मराठी ओवीत आणलं. कार्तिक पौर्णिमेला तिथं जत्रा भरते. आमच्या माणसांच्या नशिबी जत्रा कमीच. त्याच दिवसांत बिऱ्हाडं ट्रकात भरून माणसं ऊसतोडीला जातात. माझे आईबाप त्यातलेच. मी सूतगिरणीत लागलो म्हणून सुटलो.

मला नाद एकच, अर्थशास्त्राची जुनी मराठी भाषांतरं जमवायचा. अस्सल प्रत आपल्या खिशाला झेपत नाही. पाळी सुटली की रद्दीवाल्याकडं बसतो, सुट्टीला ग्रंथालयात बसून पानं वहीत उतरवतो.

वहीत पहिलं नाव 'लक्ष्मीज्ञान', १८४९. लोकहितवादींनी क्लिफ्टच्या इंग्रजी पुस्तकावरून केलेलं. मग हरी केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांचं 'देशव्यवहारव्यवस्था', १८५४. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा', मिलच्या आधारानं. संपत्ती कशी निपजते ते मराठीत आलं. पण वाचणार कोण? ती निपजवणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या हाती तेव्हा पाटीसुद्धा नव्हती.

१९३१ साली कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत आला. भाषांतर करणारे गंगाधर अधिकारी तेव्हा मीरत खटल्यात कैदी होते. हे पुस्तक कामगारासाठी होतं, हे कबूल. पण मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नव्हते. तिथं पगार बरा. तुटलेला धागा जोडताना तोंड लावावं लागे, म्हणून सवर्ण कामगाराला विटाळ! कामं वाटून घेतली की माल जास्त निघतो, असं अर्थशास्त्र शिकवतं. जात कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच तोडते, हे १९३६ साली बाबासाहेबांनी मांडलं. माझ्या वहीतल्या भाषांतरकारांना ही दुरुस्ती सुचली नव्हती.

आमच्याकडं अजून एक शब्द आहे, कोयता. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल एकाच नावावर, ती फेडायची दोघांनी. आईनं उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या, गाडी भरली, रात्री भाकरी थापली. हिशेबात ती अर्धा कोयता, नाव बापाचं.

हा शब्द कुठल्या इंग्रजी पुस्तकातून आलेला नाही. म्हणून वहीची मागची पानं कोरी ठेवलीत. आईला विचारून तिथं लिहितोय. उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, फिटली किती, राहिली किती. वर तिचं नाव घातलंय.