विज्ञान प्रदर्शनाचा विषय घराजवळच

शालेय विज्ञान प्रदर्शन म्हटले की थर्माकोलचा ज्वालामुखी किंवा पवनचक्कीची प्रतिकृती डोळ्यांसमोर येते. मात्र विद्यार्थ्यांच्या अनेक वैज्ञानिक स्पर्धांमध्ये आता प्रतिकृतीपेक्षा प्रकल्पाला महत्त्व आहे. परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, त्याची पद्धतशीर नोंद घ्यावी आणि निष्कर्ष परीक्षकांपुढे मांडावा, अशी ही रीत आहे. चेंबूरलगतच्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या माहुलमध्ये अशा प्रश्नांची वानवा नाही.

प्रमुख स्पर्धा

राज्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे टप्पे तालुका, जिल्हा, राज्य आणि राष्ट्र असे आहेत. मुंबईत तालुक्याऐवजी महापालिकेच्या विभागांनुसार पहिली फेरी होते. माहुल एम-पश्चिम विभागात मोडते.

बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत यशस्वी ठरणाऱ्यांना मुलाखत व कृतिसंशोधन प्रकल्पाला सामोरे जावे लागते. १९९३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वर्षे वयोगटासाठी असून, स्थानिक प्रश्नाचा अभ्यास हाच तिचा गाभा आहे. शाळेबाहेरील मुलांनाही तीत भाग घेता येतो. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या कल्पनेसाठी दहा हजार रुपये दिले जातात.

नोंदींचे मोल

नोंदींना किती वजन असते, हे माहुलनेच अनुभवले आहे. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये येथे केलेल्या पाहणीत सुमारे ६७ टक्के रहिवाशांनी महिन्यात तीनपेक्षा अधिक वेळा श्वासाचा त्रास होत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये माहुल व आंबापाडा येथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले, तेव्हा या पाहणीचाही आधार घेतला होता. ‘वास येतो, घसा खवखवतो’ ही रोजची तक्रार आकड्यांत मांडली गेली, म्हणून ती पुरावा ठरली.

शाळेला काय शक्य?

प्रश्नावली घेऊन घरोघरी पाहणी करणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे. पांढऱ्या कार्डावर व्हॅसलिनचा पातळ थर देऊन ते चोवीस तास खिडकीत टांगले, तर त्यावर बसलेले धूलिकण भिंगाखाली मोजता येतात. कार्डांचा आकार व टांगण्याची उंची सर्वत्र सारखी हवी. तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. कारखान्यांपासून दूरच्या एखाद्या वस्तीतही त्याच दिवशी कार्डे लावावीत, अन्यथा तुलनेला अर्थ राहत नाही.

या पद्धतीची मर्यादाही अहवालात नमूद केली पाहिजे. कार्डावर धूळ दिसते. बेंझिन, टोल्युइन यांसारखी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे दिसत नाहीत. त्यांच्या मोजमापासाठी प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफसारखी उपकरणे लागतात. त्यामुळे धुळीच्या कार्डावरून वायूंविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘एवढे मोजले, एवढे मोजता आले नाही’ असे स्पष्ट सांगणारा विद्यार्थी परीक्षकांच्या उलटतपासणीत टिकतो. शिवाय तारीखवार वही शाळेत जपून ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या तुकडीला तेथूनच पुढे मोजणी करता येते.