कान्हेरीच्या भिंतीवरचं आमचं नाव

गेल्या महिन्यात एका रविवारी न्यू जर्सीहून मावसभावाचा फोन आला. रविवारच्या फोनचे विषय ठरलेले असतात. मावशीचे गुडघे, घाटकोपरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट आणि मुंबईत पाऊस किती. या वेळी मात्र त्याने एकदम विचारलं, "अरे, कान्हेरीला आपलं नाव अजून आहे का रे?"

मी दचकलोच. घरात बायको होती, मुलगी होती. आवाज खाली आणून म्हटलं, "हळू बोल."

तर झालं होतं असं. १९७९ च्या डिसेंबरात आमच्या आणि मावशीच्या घराची मिळून नॅशनल पार्कला सहल निघाली. (संजय गांधींचं नाव त्याला १९८१ मध्ये मिळालं. आमच्या तोंडी ते तेव्हा नॅशनल पार्क होतं आणि आजही तेच आहे.) आम्ही मुलुंडला राहायचो. आमच्या गच्चीतून दिसणाऱ्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी, मधे फक्त जंगल आणि तुळशी तलाव. पण जायचं कसं, तर मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी, आणि मग बोरिवली. गोरेगाव-मुलुंड रस्त्यासाठी याच डोंगराखालून काढायच्या जुळ्या बोगद्यांचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं, ती बातमी वाचताना मला आईच्या हातातला फिरकीचा तांब्या आणि दादरचा तो पूल आठवला.

लेण्यांविषयी तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. दशम्या आणि लसणाची चटणी आठवते, एक माकड आठवतं. आणि आठवतं ते मावसभावाने खिशातून काढलेलं कर्कटक. पठ्ठ्या घरून ठरवूनच आला होता. मोठी माणसं सावलीला आडवी झाल्यावर आम्ही एका लेण्यात शिरलो आणि दाराशेजारी दोघांची नावं कोरली, खाली १९७९. दगड असा कठीण की अर्ध्यातच कर्कटकाचं टोक वाकलं. संध्याकाळी काकांनी कंपासपेटी उघडली आणि नवंकोरं कर्कटक वाकवलं म्हणून त्याला धपाटा बसला. कशावर वाकवलं हे कुणी विचारलंच नाही.

आता तो डिसेंबरात मुलांना घेऊन येतोय. मुलं मोठी झाली आहेत, मराठी समजतं, बोलत नाहीत. त्याला त्यांना ते नाव दाखवायचंय. "बाबा इथला आहे हे त्यांना कळू दे," म्हणाला. तू जाऊन बघून ये, आहे का ते.

गंमत अशी की मी स्वतः गेली काही वर्षं कान्हेरीविषयी मिळेल ते वाचतोय, दोनतीनदा जाऊनही आलोय, आणि प्रत्येक वेळी ते नाव सोडून सगळं बघितलंय. मुद्दाम.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी. एका डोंगरात शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षं माणसांच्या राबत्यातली. आणि या डोंगरावर नावं किती! प्राकृत आणि संस्कृत लेख आहेत, कितीतरी. डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, १९९१ मध्ये. ते चाळताना मला सगळ्यांत मजा वाटली ती ही, की राजे त्यात कमी आणि आपल्यासारखी माणसं जास्त. कल्याणचा सोनार, सोपाऱ्याचा व्यापारी, चौलचा कुणी. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे लेण्याच्या तोंडाशी खोदलेलं टाकं. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींनी त्यात उतरतं आणि पुढे पुरतं. कल्याणच्या एका लोहाराने तर वाट करून दिली, तेवढंच त्याचं दान, आणि ते दगडावर नोंदलेलं आहे. तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, तेही दोन व्यापारी भावांच्या दानातून उभं राहिलं. नवव्या शतकातले राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळचे लेख आहेत, त्यात भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांचा हिशोब आहे. पुस्तकांसाठी, या जंगलात!

पण ही झाली देणाऱ्यांची नावं. माझं घोडं अडतं ते नव्वद क्रमांकाच्या लेण्यात.

ते वर आहे, दम लागतो. आत अवलोकितेश्वराचं एक शिल्प आहे. भोवती लहान लहान चौकटींत संकटात सापडलेले प्रवासी, कुणाचं जहाज बुडतंय, कुणामागे सिंह, कुणापुढे साप, आणि मधे तो, त्यांची हाक ऐकणारा. पण याच लेण्यात पहलवी लिपीतही काही ओरखडे आहेत. ओरखडेच म्हणतो, कारण पहिल्यांदा बघितले तेव्हा मला ते तसेच वाटले होते. ते पारशांचे आहेत. यज्दगर्द सन ३७८, मेहेर महिना, होरमज्द रोज, म्हणजे १० ऑक्टोबर १००९. त्यानंतर दीड महिन्याने, २४ नोव्हेंबरला, पुन्हा एक लेख. आणि तिसरा ३० ऑक्टोबर १०२१ चा. या मंडळींनी लेणं दिलं नाही, पोढी दिली नाही, वाटही बांधली नाही. देवाचं नाव घेतलं, तारीख घातली आणि लिहिलं की अमके अमके इथे आले होते. पहिल्या लेखात यज्दान-पानक आणि माह-अय्यार असे दोन भाऊ आहेत, मिहिर-अय्यारचे मुलगे. ई. डब्ल्यू. वेस्ट नावाच्या पंडिताने १८८० च्या सुमारास हे लेख वाचले.

आता बघा. पारशांच्या भारतात येण्याची गोष्ट ज्यावरून सांगतात तो 'किस्सा-ए-संजान' लिहिला गेला १६०० च्या आसपास. हे ओरखडे त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधीचे. त्या काळातल्या पारशांचा त्यांच्याच हातचा पुरावा मोजकाच, त्यातला हा एक. आणि तो आहे काय, तर सहलीला आलेल्या दोन भावांनी (बरोबर आणखीही लोक होते) दुसऱ्याच्या देवस्थानात भिंतीवर कोरलेली नावं.

मग आम्ही काय वेगळं केलं?

यावर मी स्वतःशीच बराच वाद घातला आहे. एक सोपं उत्तर आहे, कायद्याचं. पुरातन वास्तूंचा कायदा १९५८ चा, म्हणजे १९७९ मध्ये आम्ही दोघं रीतसर गुन्हेगार होतो. तेव्हा शिक्षा तीन महिने किंवा पाच हजार दंड होती, २०१० पासून ती दोन वर्षं आणि एक लाखापर्यंत गेली. पण त्याने माझं समाधान होत नाही. हजार वर्षांनी आमचंही नाव कुणी वाचेल, असं मावसभाऊ म्हणेलच, त्याचा स्वभाव मला माहीत आहे. मला वाटतं फरक आहे तो गर्दीचा. १००९ मध्ये कान्हेरीला येऊन नाव कोरणारे किती असतील? आज रविवारी तिथे जी झुंबड असते तिने प्रत्येकी एक अक्षर जरी कोरलं तरी पावसाळा संपेपर्यंत लोहाराचा लेख उरणार नाही. आणि त्या भावांनी निदान कुणीतरी वाचावं अशा बेताने लिहिलं होतं. आम्ही काय लिहिलं? घरात हाक मारतात ती दोन नावं. आडनावसुद्धा नाही.

असो. गेल्या मंगळवारी रजा टाकली आणि गेलो.

शोधायची खूण माझ्या डोक्यात पक्की होती. दाराशी बसायला दगडी ओटा, समोर पोढी. ही खूण घेऊन कान्हेरीत शोधणं म्हणजे दादरला चष्मेवाला माणूस शोधणं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला ओटा आणि जिकडे बघावं तिकडे पोढी! वीसेक लेणी पालथी घातली. बदाम सापडले, बाण सापडले, १९९२ सापडलं. एका ठिकाणी माझ्या कमरेच्या उंचीवर, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल तिथे, १९७ एवढं दिसलं. पुढच्या आकड्याची खपली उडालेली. वर काहीतरी होतं, पण शेवाळ. मी अंगठ्याने ते जरा पुसायला लागलो तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, हात नका लावू."

पहारेकरी होता. म्हटलं, "नाही नाही, बघतोय फक्त." मग तोच बोलायला लागला. रविवारी पोरं येतात, खिळा घेऊन येतात, किती जणांच्या मागे धावायचं? "लहान पोरांना तर आईबापच उचलून धरतात वरती लिहायला," म्हणाला. मी मान हलवत राहिलो. अशा वेळी माणूस जरा जास्तच मान हलवतो. कान तापले होते. त्याला सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही.

खाली उतरण्याआधी वर नव्वद नंबरला जाऊन आलो. कुणी नव्हतं.

रात्री मीच मावसभावाला फोन लावला. म्हटलं, १९७ आहे, पुढचं नाही, आपलंच असेल असं काही सांगता येत नाही. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आपलंच आहे असं धरून चालूया की."

"धरलं तर लाख रुपये दंड आहे."

तो हसला. "मग पोरांना काय दाखवू?"

मी त्याला नव्वद नंबरचं सांगितलं, दोन भाऊ, १००९, सगळं. त्याने विचारलं, काय लिहिलंय त्यांनी. म्हटलं, तारीख, स्वतःची नावं, वडिलांचं नाव, आणि इथे आलो होतो.

"वडिलांचं नाव?"

"हो."

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. फोनवर थोडा वेळ नुसती घरघर येत होती. मग तो म्हणाला की मुलांना आधी तू सांग, इतिहास तुझ्या तोंडून बरा वाटतो, कर्कटकाचं मी सांगेन. मी म्हटलं, चालेल. मुलांना चांगली पकड असलेले बूट घालायला सांग, वरपर्यंत चढायचंय. आणि खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडं तेव्हा होती त्याच्या दुप्पट झाली आहेत.