दोन दुष्काळी मुलूख



लातूरसाठी पाण्याची पहिली आगगाडी २०१६ च्या एप्रिलात गेली, ती आपल्याच ढोकी स्टेशनावरून. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आणि ते मिरजेहून आणलेले! पिढ्यान्पिढ्या दुष्काळी म्हणून नाव आहे ते माण, आटपाडी, सांगोल्याचे. सह्याद्रीच्या पाठीशी पडल्यामुळे तिकडे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या बालाघाटावर तो अधिक, लातुरात तर ७०० च्या पुढे. मग गाडी इकडे का आणावी लागली?

आभाळाचा इतिहास दोघांचा बराचसा एकच आहे. १८७६-७८, १८९९-१९०० आणि १९७२ ही साले दोघांच्याही कपाळी आली. परंतु तिकडे पाऊस हुकणे नित्याचे, म्हणून माणूस सावध. माणदेशाने बाजरी धरली, मेंढरे राखली, वेळ पडताच मुंबईची गिरणी गाठली. आपण काळ्या जमिनीवर आणि जोंधळ्याच्या पेवावर विसंबलो.

पुढे विहिरींवर विजेचे पंप बसले, विंधन विहिरी आल्या, ऊस वाढला. उसाने कामगारांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्यांच्यात आयुष्य काढलेला मी हे कसे नाकारीन? पण आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत मुरते तेवढेच पाणी. २०१४ आणि २०१५ असा लागोपाठ पाऊस हुकला, तेव्हा मांजरा धरण आटले आणि जमिनीच्या पोटातही शिल्लक सापडेना.

दुष्काळ पर्जन्यमापकात सुरू होतो, पण तो कोणाला किती भोवला हे मजुरीच्या वहीत दिसते. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने इंग्रजी मुलखातील दुष्काळी कामांची मजुरी रत्तलभर धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. हजारो मजूर कामे टाकून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १९७२ साली माझी आई खडी फोडीत होती, आणि मी सुकडीवर वाढलो. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. कामावरचा हक्क कागदावर यायला शंभर वर्षे लागली.

पाण्याच्या वाटणीला इतका वेळ आपल्यापाशी नाही. कोणते पीक घ्यावे, किती उपसा करावा, हे गावाने एकत्र बसून ठरवावे. नाहीतर पुन्हा पाण्याची गाडी येईल आणि ढोकीकर फलाटावरून तिला जाताना पाहतील.