ताश्कंद : दगडाच्या नावाचे शहर

श्रोतेहो, ताश्कंद हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांतही माहीत आहे. त्याचे कारण एकच, ११ जानेवारी १९६६ ची ती रात्र. आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री त्या परक्या गावी वारले. पण ते गाव आहे कसे, तिथे पाहायचं काय, असे कुणी विचारले तर बहुतेकांना सांगता यायचे नाही. आज त्या गावाची ओळख करून घेऊ.

ताश्कंद ही उझबेकिस्तानची राजधानी. वस्ती तीस लाखांच्या आसपास. मध्य आशियात एवढे मोठे दुसरे शहर नाही. तुर्की भाषेत ‘ताश’ म्हणजे दगड आणि ‘कंद’ म्हणजे गाव. हा अर्थ आपल्याला पहिल्याने सांगितला कुणी, तर अल्-बिरूनीने! गझनीच्या महमुदाच्या काळात हिंदुस्थानात येऊन ज्याने आपल्या चालीरीती, ज्योतिष आणि धर्म यांवर ग्रंथ लिहिला, त्याच ग्रंथात या गावाच्या नावाची फोड आहे. त्याहून जुने नाव चाच किंवा शाश. सातव्या शतकात ह्युएनत्संग भारताकडे यायला निघाला, तेव्हा त्याची वाट याच मुलखातून गेली होती.

आता गंमत पाहा. नाव दगडाचे, पण गाव मातीचे. चिर्चिक नदीचे पाणी कालव्यांनी खेळवून ही वस्ती उभी राहिली. भोवती कोरडा मुलूख, उन्हाळा कडक. पाटाचे पाणी आले म्हणून जर्दाळू, तुती, द्राक्षे आली आणि त्यांच्या सावलीत मातीच्या विटांची घरे आली. मातीचे घर फार काळ टिकत नाही. त्यामुळे समरकंद-बुखाऱ्यासारख्या जुन्या इमारतींच्या रांगा इथे दिसत नाहीत. प्रवासी येतो, इकडेतिकडे पाहतो आणि म्हणतो, ‘हे तर नवेच शहर!’ पण हे शहर नवे का, हीच तर त्याची खरी कहाणी आहे.

जुन्या भागापासून सुरुवात करू. तिथे हजरत इमाम नावाचा परिसर आहे. दहाव्या शतकातल्या कफ्फाल शाशी या विद्वानाची कबर तिथे आहे. याच परिसरात कातड्यावर लिहिलेले एक अतिप्राचीन कुराण जपले आहे. तिसरे खलिफा उस्मान यांची ही प्रत, अशी श्रद्धा आहे. अभ्यासक ती त्यानंतरची, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराची मानतात. पूर्ण ग्रंथ आता उरलेला नाही, सुमारे एक-तृतीयांश आहे. १८६९ मध्ये रशियन अधिकाऱ्यांनी हा ग्रंथ समरकंदहून पीटर्सबर्गला नेला. क्रांतीनंतर लेनिनच्या सरकारने तो मुसलमानांना परत दिला आणि १९२४ मध्ये तो ताश्कंदला आला. ज्या राजवटीने पुढे कितीतरी मशिदी बंद केल्या, तिच्याच हातून हा ग्रंथ परत यावा, हाही इतिहासाचाच एक खेळ.

जुन्या गावात कुकेलदाश मदरसा आहे, सोळाव्या शतकातला. मदरसा म्हणजे धर्मशास्त्राची पाठशाळा. ही इमारत कधी पाठशाळा होती, तर कधी व्यापाऱ्यांची सराई. जवळच युनूसखानाची कबर आहे. हा युनूसखान कोण? बाबराच्या आईचा बाप. म्हणजे आपल्याकडे मोगल सत्ता आणणाऱ्या बाबराचे हे आजोळ म्हणायचे. समरकंद हातचे गेल्यावर तरुण बाबर आश्रयाला आला तो ताश्कंदच्या मामाकडे. तिथे आपल्याला कशी कंगाली भोगावी लागली, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

मदरशाला लागूनच चोरसू बाजार. चोरसू म्हणजे चार वाटा, आपला चव्हाटा. निळ्या घुमटाखालची आजची इमारत १९८० ची, पण बाजाराची जागा शेकडो वर्षांची. जिरे, मनुका, जर्दाळू, खरबुजे, तंदुरातले गरम नान, सगळे इथे मिळते. शिक्षक मित्रांना एक सांगतो. या बाजारात कान देऊन उभे राहिले तर ओळखीचे शब्द ऐकू येतील. बाजाराला तिथे ‘बोझोर’ म्हणतात, शहराला ‘शहर’, आणि ‘दफ्तर’ म्हणजे वही! फारसीने हे शब्द त्यांच्याही घरी पोचवले आणि आपल्याही.

रशियन सैन्याने हे गाव घेतले १८६५ मध्ये. जनरल चेर्न्यायेव्ह सुमारे दोन हजार शिपाई घेऊन आला आणि बारा वेशींचे तटबंद शहर त्याच्या हाती पडले. दोन वर्षांत ताश्कंद रशियन तुर्कस्तानची राजधानी झाले. अन्खोर कालव्याच्या एका अंगाला जुने, बोळांचे देशी गाव राहिले, दुसऱ्या अंगाला सरळ रस्त्यांचे, झाडांच्या रांगांचे रशियन शहर वसले. आपल्याकडे गाव आणि कँप वेगळे असत, तसाच प्रकार. पुढे आगगाडी आली आणि कापसाचे गठ्ठे रशियातल्या गिरण्यांकडे जाऊ लागले.

नव्या शहराच्या मध्यावर एक मोठा चौक आहे. इतिहास शिकवणाऱ्याने तो मुद्दाम पाहावा. पहिल्याने तिथे रशियन गव्हर्नर-जनरल काउफमानचा पुतळा होता. क्रांतीनंतर तो गेला. पुढे स्टॅलिन आला. तोही गेला. १९६८ मध्ये कार्ल मार्क्स बसला. १९९१ ला देश स्वतंत्र झाला आणि १९९३ पासून तिथे घोड्यावर तैमूर आहे. होय, तोच तैमूर, ज्याने १३९८ मध्ये दिल्ली लुटली. आपल्या मुलांच्या पुस्तकात तो लुटारू, तिथल्या मुलांच्या पुस्तकात राष्ट्रपुरुष. दोन्ही मुले आपापल्या जागी खरे तेच शिकतात. पण दुसऱ्याचे पुस्तक उघडून पाहिले म्हणजे आपलेही जास्त नीट वाचता येते. या चौकातले जुने चिनारवृक्ष मात्र कोणत्याच राजवटीने काढले नव्हते. ते २००९ मध्ये तोडले गेले आणि लोक फार हळहळले. कडक उन्हाच्या गावात सावलीची किंमत पुतळ्याहून मोठी असते.

आता जानेवारी १९६६ कडे येऊ. भारत-पाकिस्तान युद्ध होऊन गेले होते. रशियाचे पंतप्रधान कोसिजिन यांनी शास्त्रीजींना आणि अयूबखानांना ताश्कंदला बोलावले. आपल्या शिष्टमंडळात परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते आणि संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाणही होते. ४ तारखेला बोलणी सुरू झाली, १० तारखेला करार झाला. दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परत जायचे, हा त्याचा गाभा. म्हणजे जिंकलेला हाजी पीरचा घाटही सोडायचा. घरी लोक काय म्हणतील, हे ओझे शास्त्रीजींच्या मनावर नसेल कसे? त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर, त्यांचे प्राण गेले. सकाळी त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अयूबखानही होते. चार महिन्यांपूर्वी ज्यांची सैन्ये समोरासमोर होती, त्यांतल्या एकाने दुसऱ्याला खांदा दिला. आज ताश्कंदमध्ये शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे आणि त्यांच्या नावाची एक शाळा आहे. त्या शाळेत उझबेक मुले हिंदी शिकतात.

पण श्रोतेहो, शास्त्रीजींनी पाहिलेले ताश्कंद आज आपल्याला पाहायला मिळत नाही. त्यांच्या मागे साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिल १९६६ ला पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी भूकंप झाला. तसा तो प्रचंड नव्हता, पाचाच्या थोडा वर. पण त्याचे केंद्र शहराच्या मध्याखालीच होते आणि तेही अवघ्या काही किलोमीटर खोलीवर. माणसे थोडी दगावली, कारण धक्का खालून वर आला आणि क्षणात थांबला. घरे मात्र उभ्या उभ्या तडकली. सुमारे तीन लाख लोक उघड्यावर आले. तंबूंचे शहर उभे राहिले, आणि मग साऱ्या सोव्हिएत देशातून गवंडी, सुतार, इंजिनिअर आले. एकेका प्रजासत्ताकाने एकेक वस्ती बांधून दिली. काही वर्षांतच शहर पुन्हा उभे राहिले.

हे झाले चांगले. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुरुस्त होण्यासारखी घरेही त्या धांदलीत पाडली गेली. अंगण, वेल, पाट आणि एका चुलीभोवतीचे कुटुंब जाऊन त्या जागी चार-चार मजल्यांच्या चाळी आल्या. भूकंपाने जेवढे नेले, त्यात पुढे नकाशा आखणाऱ्यांनी भर घातली.

त्या पहाटेचे स्मारक १९७६ मध्ये उभारले. काळ्या दगडाचा एक घन, मधोमध तडकलेला. त्याच्या एका बाजूवर घड्याळ, ५ वाजून २३ मिनिटांवर थांबलेले, दुसरीवर तारीख. मागे एक पुरुष, हात पुढे करून बायको-मुलाला पाठीशी घालणारा. फारसे लिहिलेले नाही. लिहायची गरजही नाही.

भूकंपात जे टिकले, त्यात नवाई नाट्यगृह आहे. उझबेक भाषेचा आद्य महाकवी अलीशेर नवाई, त्याच्या नावाचे. मॉस्कोतली लेनिनची समाधी बांधणाऱ्या श्चुसेव्हने याचा नकाशा केला. १९४७ मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीवर जपानी युद्धकैद्यांनी काम केले. घर दूर, मालक परका, पण काम चोख. त्यांची आठवण ठेवणारा लेख भिंतीवर आहे.

शेवटी जमिनीखाली उतरू. मध्य आशियातली पहिली भुयारी रेल्वे ताश्कंदला १९७७ मध्ये सुरू झाली. भूकंपाचा धडा घेऊन ती बांधली आहे. एका स्थानकावर कमानी आणि घुमट आहेत, जणू जुना मदरसाच. दुसऱ्यावर अंतराळवीरांची चित्रे आहेत. त्यांत गागारिन आणि तेरेश्कोव्हा आहेत, आणि त्यांच्याच ओळीत समरकंदचा उलुगबेग, पंधराव्या शतकात ताऱ्यांची कोष्टके करणारा राजा! फोटो काढायला इथे २०१८ पर्यंत बंदी होती. आता कुणीही काढावा.

शिक्षक मित्रांनो, वर्गात शास्त्रीजींचा धडा आला म्हणजे नकाशावर ताश्कंद दाखवालच. त्या वेळी मुलांना २६ एप्रिलची पहाटही सांगा, आणि शास्त्रीजींच्या नावाच्या शाळेत हिंदी शिकणारी मुलेही सांगा. मग ताश्कंद हे नुसते एका मृत्यूचे नाव राहणार नाही. तिथेही माणसे आपल्यासारखीच बाजाराला जातात, दप्तर उघडतात आणि पडलेले घर पुन्हा बांधतात, हे त्यांना कळेल.